जर्मनीतल्या ज्यू लॉज: स्वतःची संस्था काढणं म्हणजे वेगळं पडणं का?

एल्बेकाठी
नमस्कार मंडळी. इथे इतिहासाचा अभ्यास असलेले आणि जर्मनीत राहणारे असे दोन्ही लोक आहेत म्हणून हा धागा काढतेय.

हॅम्बुर्गच्या ग्रिंडेल भागात हार्टुंगस्ट्रासेवर कामरश्पीले नावाचं थिएटर आहे. आज तिथे छान नाटकं होतात. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही इमारत हेन्री जोन्स लॉज या ज्यू संघटनेने (लॉज म्हणजे इथे हॉटेल नव्हे, बंधुसंघटनेची स्थानिक शाखा) घेतली होती आणि बरीच वर्षं तिथे त्यांच्या बैठका, व्याख्यानं, सभा-समारंभ चालायचे. ही लॉज बने ब्रिस या संघटनेची शाखा, म्हणजे इंग्रजीत ज्याला बनाय ब्रिथ म्हणतात ती. जर्मनीत यांच्या शंभराहून जास्त लॉज होत्या आणि सभासद हजारोंच्या घरात, मुख्यतः व्यापारी, डॉक्टर, वकील, रब्बाय (ज्यू धर्मगुरू) अशी मंडळी.

मला पडलेला प्रश्न असा. 1871 मध्ये जर्मन साम्राज्य झालं तेव्हा ज्यूंना कागदोपत्री सगळे नागरी हक्क मिळाले होते. भाषा जर्मन, पोशाख जर्मन, मुलं जर्मन शाळेत, घरात शिलर आणि गटे या जर्मन लेखकांची पुस्तकं. मग 1882 मध्ये बर्लिनला पहिली ज्यू लॉज काढायची गरज का पडली? ज्यांना समाजात मिसळायचं होतं त्यांनीच वेगळी चूल का मांडली? आणि त्याने फायदा झाला की तोटा?

पेठेतला_वाचक
वाचतोय. विषय एकदम नवीन आहे माझ्यासाठी.

जुना_दफ्तरदार
ताई, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, 'कागदोपत्री' या शब्दात.

थोडं मागून सुरू करतो. जर्मनीत फ्रीमेसन या जुन्या, स्वतःचे विधी असलेल्या बंधुसंघटनेच्या लॉजना फार प्रतिष्ठा होती. शहरातला मोठा व्यापारी, न्यायाधीश, प्राध्यापक, लष्करी अधिकारी असे सगळे एकमेकांना तिथे भेटणार, ओळखी तिथेच होणार. तत्त्व काय तर सगळे मानव बंधू. पण प्रशियातल्या तीन जुन्या ग्रँड लॉजपैकी (लॉजच्या शिखर संस्थांपैकी) दोन ज्यूंना सभासद करूनच घेत नव्हत्या, त्यांचं म्हणणं की आमचा विधी ख्रिश्चन आहे. तिसरीने दार उघडलं ते पण उशिरा. फ्रँकफर्टला यावर उपाय म्हणून नेपोलियनच्या काळात पॅरिसच्या ग्रँड ओरिएंट या फ्रीमेसन शिखर संस्थेकडून परवानगी आणून एक लॉज निघाली, तिचं नाव उगवती पहाट अशा अर्थाचं होतं, गावात मात्र सगळे तिला 'ज्यू लॉज' म्हणायचे. लेखक लुडविग ब्योर्ने तिचा सभासद होता. म्हणजे बंधुत्वासाठी सुद्धा परदेशातून कागद आणावा लागला.

आता बने ब्रिस. हिचा जन्म न्यूयॉर्कचा, 13 ऑक्टोबर 1843, एसेक्स स्ट्रीटवरच्या एका कॅफेत. बारा माणसं, सगळे जर्मन प्रदेशातून गेलेले स्थलांतरित, त्यातला एक हेन्री जोन्स, ज्याच्या नावाने पुढे हॅम्बुर्गची लॉज निघाली. तिकडे सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) या गावचे त्या गावचे आणि या पंथाचे त्या पंथाचे अशी भांडणं व्हायची, म्हणून यांनी ठरवलं की धर्माचे वाद बाहेर ठेवायचे आणि विधवा, अनाथ, आजारी यांना मदत करायची. चाळीसएक वर्षांनी हेच रोपटं उलटा प्रवास करून बर्लिनला आलं. 20 मार्च 1882 ला पहिली लॉज. ती काढणारे लोक आधी दुसऱ्या सर्वधर्मीय बंधुसंघटनांमध्ये होते, पण 1879-80 नंतर बर्लिनमध्ये ज्यूद्वेषाची जी लाट आली तिच्यात तिथलं वातावरण बिघडलं आणि ते बाहेर पडले.

तेव्हा वेगळी चूल त्यांनी हौसेने नाही मांडली. आधीच्या घरात पानावर बसू देत नव्हते म्हणून मांडली.

साधा_माणूस
पण गुप्त संघटना होती ना ही? खुणेचे शब्द, विधी, बंद दाराआडच्या बैठका. जगातले मोठमोठे निर्णय अशाच ठिकाणी होतात असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. आगीशिवाय धूर निघत नाही.

जुना_दफ्तरदार
साधा_माणूस, इथे मी जरा ठामपणे लिहितो, राग मानू नका.

विधी होते, खरं आहे. नवीन सभासद घ्यायचा तर पेटीत पांढरा किंवा काळा गोळा टाकून मतदान व्हायचं, लॉजचा अध्यक्ष, पदं, प्रवेशाचा समारंभ हे सगळं त्या काळच्या बंधुसंघटनांसारखंच. पण त्यांच्या लॉजचे पत्ते जाहीर होते, मासिकं निघायची, वार्षिक अहवाल छापले जायचे, 1907 पर्यंतचा संघटनेचा इतिहास त्यांच्याच एका माजी अध्यक्षाने पुस्तक म्हणून छापला. बर्लिनला क्लाइस्टस्ट्रासे 10 हा पत्ता सगळ्यांना माहीत होता. बंद दाराआड काय चालायचं तर व्याख्यान, मग चर्चा, मग अमुक शाळेला किती पैसे द्यायचे याचा हिशोब.

'ज्यू आणि फ्रीमेसन मिळून जग चालवतात' ही कथा पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत जनरल लुडेनडॉर्फसारख्या लोकांनी पद्धतशीर पसरवली, हरलेल्या युद्धाचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायला. ज्या फ्रीमेसन लॉज ज्यूंना दारात उभं करत नव्हत्या त्यांचीच ज्यूंबरोबर भागीदारी आहे म्हणे! तुम्ही ज्याला धूर म्हणताय तो या लोकांनी लावलेला आहे आणि त्याची आग कुणाला लागली ते सगळ्या जगाने पाहिलं.

साधा_माणूस
राग नाही. अहवाल छापायचे हे माहीत नव्हतं. पुढे लिहा.

मुळा_मुठा
दफ्तरदारांच्या माहितीबद्दल आदर आहे पण मला मूळ मुद्दा पटलेला नाही. बहिष्काराला उत्तर म्हणून आपलीच वेगळी संस्था काढली की बहिष्कार घालणाऱ्याचं काम सोपं होतं. 'बघा, ते स्वतःच वेगळे राहतात.' आपल्याकडच्या ज्ञातीसंस्थांचं काय झालं ते बघतोच आपण, सुरुवात वसतिगृह आणि शिष्यवृत्तीने होते आणि शेवट वधूवर मेळाव्यात आणि मतपेटीत.

शिवाय काळे-पांढरे गोळे टाकून निवडायचे म्हणजे गरीब ज्यू शिंपी किंवा पूर्वेकडून आलेला फेरीवाला त्यात कधी जाणार? बाहेरच्यांनी यांना गाळलं आणि यांनी आपल्यातल्यांना गाळलं.

एल्बेकाठी
मुळा_मुठा, हा दुसरा मुद्दा मला पण टोचतो. हॅम्बुर्ग बंदरातून तेव्हा पूर्व युरोपातले हजारो गरीब ज्यू अमेरिकेला जायचे. जहाज कंपनीचे संचालक आल्बर्ट बालिन स्वतः ज्यू, त्यांच्या काळात 1901 मध्ये व्हेडेल भागात स्थलांतरितांसाठी वसाहत बांधली, तिथे कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारं, स्वयंपाकघर पण होतं. लॉजची मंडळी या लोकांना मदत करायची हे खरं, पण आपल्या टेबलावर बसवायची का?

दुर्वा_माइनकाठची
बसवायची नाहीत, फार थोडे अपवाद. जर्मन ज्यूंना पूर्वेकडच्या ज्यूंची लाज वाटायची, त्यांची यिडिश भाषा, त्यांचे लांब डगले, सगळ्याचीच. हे कुणी झाकून ठेवायची गरज नाही.

पण मला इथे बायकांबद्दल लिहायचंय कारण आतापर्यंतचा सगळा धागा 'बंधू' लोकांचाच चाललाय. लॉजचे सभासद फक्त पुरुष. त्यांच्या बायकांचे भगिनी मंडळ वेगळे. सुरुवातीला सणाच्या कार्यक्रमांची तयारी आणि भेटीगाठी इतकंच असेल, पण पुढे या बायकांनी जे केलं ते मला लॉजच्या व्याख्यानांपेक्षा मोठं वाटतं.

त्या काळात गॅलिशिया (पूर्व युरोपातला एक प्रांत) आणि रशियातल्या गरीब ज्यू मुलींना लग्नाचं किंवा नोकरीचं आमिष दाखवून परदेशात वेश्याव्यवसायाला विकलं जायचं, आणि हॅम्बुर्ग हे त्या वाटेवरचं मोठं बंदर. विकणाऱ्यांमध्ये ज्यू दलाल पण होते. हे उघड बोलायचं म्हणजे ज्यूद्वेष्ट्यांच्या हातात कोलीत देणं, म्हणून समाजातली मोठी माणसं गप्प बसा म्हणत होती. फ्रँकफर्टच्या बेर्था पापेनहाइम गप्प बसल्या नाहीत. 1903 मध्ये त्या स्वतः गॅलिशियात फिरल्या, मुलींची परिस्थिती पाहिली आणि लिहिली. 1904 मध्ये ज्यू महिला संघ स्थापन केला. 1907 मध्ये फ्रँकफर्टजवळ नॉय-इझेनबुर्गला आश्रम काढला, अविवाहित माता, त्यांची बाळं, वाट चुकलेल्या किंवा तशी भीती असलेल्या मुली, सगळ्यांसाठी. हॅम्बुर्गच्या लॉजमध्ये गुस्टाव तुख नावाचे गृहस्थ होते त्यांनी पण या कामात लक्ष घातलं, आणि लॉजच्या भगिनी मंडळांतल्या कितीतरी बायका महिला संघात होत्या. पैसा, ओळखी, वकील, डॉक्टर हे सगळं त्या जाळ्यातून यायचं.

तेव्हा मुळा_मुठा, वधूवर मेळाव्यापर्यंतच सगळं जातं असं नाही. घरातला घाणेरडा प्रश्न घरातच उभा करायला पण स्वतःची जागा लागते. पापेनहाइम बाईंनी बाहेरच्या व्यासपीठावर हे सांगितलं असतं तर पहिल्यांदा वापर झाला असता तो ज्यूंविरुद्ध.

मुळा_मुठा
हे मला माहीत नव्हतं. शेवटच्या दोन ओळींवर विचार करतोय.

आरामखुर्ची
या बेर्था पापेनहाइम म्हणजे त्याच ना, मनोविश्लेषक फ्रॉइडच्या पुस्तकातल्या 'आना ओ' नावाच्या पेशंट?

दुर्वा_माइनकाठची
हो त्याच. पण त्या फ्रॉइडच्या पेशंट नव्हत्या, त्यांचा सहकारी ब्रॉयर याच्या होत्या. आणि मला मनापासून वाटतं की त्यांची ओळख एकवीस-बावीस वर्षांच्या आजारी मुलीची म्हणून राहू नये, पुढची पन्नास वर्षं बाईने डोंगराएवढं काम केलंय.

आरामखुर्ची
मान्य. फ्रॉइडचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर. तो पण बने ब्रिसचा सभासद होता, जर्मनीत नाही, व्हिएन्नाच्या लॉजमध्ये. 1897 मध्ये गेला. तेव्हा विद्यापीठातले लोक त्याच्या कल्पना ऐकायला तयार नव्हते आणि त्याच डिसेंबरमध्ये त्याने लॉजच्या बंधूंसमोर स्वप्नांवर व्याख्यान दिलं, पुस्तक यायच्या आधी! समोर कोण तर व्यापारी आणि वकील. 1926 मध्ये सत्तरी झाली तेव्हा लॉजने सत्कार केला, त्यावर त्याने जे लिहून पाठवलं त्यात स्पष्ट सांगितलं की माझी श्रद्धा नाही, पण ज्यू असल्यामुळेच बहुमताच्या विरोधात उभं राहायची तयारी माझ्यात आली. देव न मानणाऱ्या माणसाला पण लॉजमध्ये जागा होती हे महत्त्वाचं.

जुना_दफ्तरदार
अवांतर अजिबात नाही, हाच गाभा आहे. सिनेगॉगमध्ये उदारमतवादी एकीकडे, कर्मठ दुसरीकडे. राजकारणात 'आम्ही ज्यू धर्माचे जर्मन नागरिक' म्हणणारे एका बाजूला आणि झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंना स्वतःचा देश हवा म्हणणारे, दुसऱ्या. हे लोक वर्तमानपत्रातून एकमेकांवर तुटून पडायचे. लॉजमध्ये मात्र पक्षीय राजकारण आणि पंथाचे वाद आणायचे नाहीत असा नियम. हॅम्बुर्गच्याच एका लॉजला नेहेमिया नोबेल या कर्मठ रब्बायचं नाव दिलं, तर संपूर्ण जर्मनीतल्या संघटनेचे 1924 पासूनचे अध्यक्ष लिओ बेक हे उदारमतवादी रब्बाय. ब्रेस्लाऊच्या लॉजचं नाव लेसिंग, म्हणजे ज्यू नसलेल्या जर्मन लेखकाचं.

सोसायटी_सेक्रेटरी
धर्म आणि राजकारण बंद केलं तर आमच्या सोसायटीची मीटिंग दहा मिनिटांत आटपेल आणि पार्किंगचा प्रश्न पहिल्यांदा सुटेल. हा नियम उचलतो मी.

पेठेतला_वाचक
सेक्रेटरी, आधी पार्किंगलाच धर्म मानणाऱ्यांचं काय ते बघा :)

शनवारतेली
फार आवडीने वाचतेय हा धागा. मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आमचा आणि जर्मन ज्यूंचा धर्म एक, बाकी काही म्हणजे काहीच एक नाही. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली, घरात मराठी, नवस फेडायला मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद. तरी एक धागा आहे तो इथे जोडते.

1933 नंतर जर्मनी आणि ऑस्ट्रियातून काही ज्यू निर्वासित मुंबईला आले. 1934 मध्ये मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन निघाली, व्हिसासाठी हमी द्यायची, राहायची सोय, नोकरी, हे सगळं ती बघायची. आलेल्यांत डॉक्टर बरेच. प्राग आणि बर्लिनमध्ये शिकलेले वॉल्टर कॉफमन आले, आकाशवाणी उघडताना जी धून वाजायची ती त्यांची म्हणून ओळखली जाते. बर्लिनचं एक नावाजलेलं साहित्यिक साप्ताहिक चालवणारे विली हास आले आणि इथे सिनेमाच्या कथा लिहू लागले.

आमच्या घरात मोठी माणसं सांगायची की या लोकांना सुरुवातीला आम्ही ज्यू आहोत हेच खरं वाटायचं नाही. साडी नेसलेली, कपाळावर पदर, मराठीत बोलणारी बाई शब्बाथचा दिवा लावते हे बघून गप्प व्हायचे. आणि आमच्या लोकांना त्यांचं नवल, की सिनेगॉगला वर्षातून दोनदा जाणारी ही माणसं स्वतःला ज्यू कशाच्या जोरावर म्हणतात? या धाग्यावरचं लॉजबद्दलचं वाचून आता कळतंय की कशाच्या जोरावर. देवळापेक्षा त्यांची संस्था, वाचनालय, मदत निधी यातच त्यांचं ज्यूपण होतं.

एल्बेकाठी
शनवारतेली, केवढं सुंदर लिहिलंत. मलिद्यावर वेगळा धागा काढाच.

आरामखुर्ची
+1 मलिद्यासाठी.

कोरा_कागद
शेवट काय झाला या लॉजचा? 1933 लाच बंद केल्या का?

जुना_दफ्तरदार
नाही. जर्मन फ्रीमेसन लॉज 1935 पर्यंत संपवल्या, बने ब्रिस त्यानंतरही टिकली, कारण नाझींना काही काळ ज्यूंनी ज्यूंची पोटं भरलेली हवीच होती. सरकारी मदत तोडली होती, नोकऱ्या गेल्या होत्या, त्या वर्षांत लॉजकडे मदत मागणाऱ्यांत आता लॉजचेच वकील आणि डॉक्टर होते. 19 एप्रिल 1937 ला हिमलरच्या हुकमाने संघटना विसर्जित केली. सगळ्या लॉजवर छापे, इमारती, वृद्धाश्रम, पुस्तकं, पैसे, सगळं जप्त. पदाधिकाऱ्यांना चौकशीला नेलं.

लिओ बेक तेव्हा संघटनेचे अध्यक्ष तर होतेच पण 1933 पासून जर्मन ज्यूंच्या मध्यवर्ती प्रतिनिधी मंडळाचेही अध्यक्ष होते. बाहेर जायच्या संधी आल्या, गेले नाहीत. जानेवारी 1943 मध्ये त्यांना तेरेझिनश्टाटच्या नाझी छावणीत पाठवलं, तेव्हा वय एकोणसत्तर. तिथे ते अंधारात, माळ्यावर दाटीवाटीने जमलेल्या कैद्यांना प्लेटो आणि कांट यांच्यावर व्याख्यानं देत होते. लॉजमध्ये आयुष्यभर जे केलं तेच. वाचले, लंडनला गेले, 1956 मध्ये वारले.

एल्बेकाठी
हार्टुंगस्ट्रासेच्या इमारतीचं पण सांगते. लॉजने ती 1930 च्या सुमारास विकली होती. 1938 च्या जानेवारीत ती पुन्हा ज्यू सांस्कृतिक संघाकडे आली, ज्यूंना बाकी सगळ्या थिएटरांत बंदी असताना हॅम्बुर्गचे ज्यू इथे नाटक बघायचे. आणि 1942 मध्ये याच घरात लोकांना गोळा करून पुढे छावण्यांकडे पाठवलं. 1945 मध्ये इडा एरे या ज्यू अभिनेत्रीने, पती ज्यू नसल्यामुळे ती वाचली होती, इथे पुन्हा थिएटर उघडलं.

मुळा_मुठा
दफ्तरदार, दुर्वाताई, मी विचार केला. माझं मत थोडं हललंय पण पूर्ण नाही. संस्था चांगलीच होती. पण शेवटी तिने वाचवलं का कुणाला? जे मिसळले होते तेही गेले, जे वेगळे राहिले तेही गेले.

दुर्वा_माइनकाठची
1933 मध्ये जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यातले निम्म्याहून जास्त देशाबाहेर पडू शकले. कसे? परदेशी भाषेचे वर्ग, हातकाम शिकवणारी शिबिरं, जहाजाचं भाडं, मुलांना एकटं पाठवायची सोय, हे सगळं आकाशातून नाही पडलं. ज्यू समाजाच्या मध्यवर्ती कल्याण संस्थेने, महिला संघाने, छोट्या मोठ्या मदत मंडळांनी उभं केलं आणि त्यातली बरीच माणसं पूर्वी लॉजमध्ये आणि भगिनी मंडळात अर्ज तपासायला, देणग्या जमवायला शिकली होती. संस्थेला हत्यारबंद राज्य थांबवता आलं नाही ही संस्थेची चूक कशी धरायची?

मुळा_मुठा
हे बरोबर बोललात.

कोरा_कागद
आणि आज? आज तिथे समाज आहे का, आणि लॉज?

दुर्वा_माइनकाठची
आहे. युद्धानंतर जे थोडे राहिले ते म्हणायचे की आम्ही भरलेल्या सुटकेसवर बसलोय, म्हणजे कधीही निघू. 1950 मध्ये ज्यूंची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली तरी कुणाला कायम राहायचं धाडस नव्हतं. फ्रँकफर्टचं समाज केंद्र 1986 मध्ये उघडलं, तेव्हा वास्तुविशारद सालोमन कोर्न यांनी म्हटलं होतं की जो घर बांधतो त्याला राहायचं असतं. 1990 नंतर सोव्हिएत संघातून दोन लाखांवर ज्यू आणि त्यांचे कुटुंबीय आले, त्यामुळे आज बहुतेक गावांत ज्यू समाजाचा ज्येष्ठांचा चहा रशियनमध्ये चालतो. बुद्धिबळाचा क्लब हमखास. एक शेजारीण आजी मला सोबत घेऊन गेल्या होत्या. दारात पोलीस, मग दोन दरवाजे, पहिला बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नाही, आत गेल्यावर मात्र लसणाचा आणि बटाट्याचा वास आणि 'खा ना अजून' असा आग्रह. 2019 मध्ये हाले शहरात योम किप्पुर या ज्यूंच्या पवित्र दिवशी हल्लेखोर आला तेव्हा सिनेगॉगच्या दारानेच आतल्या लोकांना वाचवलं, बाहेर दोघांचा जीव गेला. म्हणून ते दरवाजे.

बने ब्रिसच्या लॉज पण पुन्हा निघाल्या, फ्रँकफर्टला आणि बर्लिनला आहेत, पूर्वीच्या मानाने फार लहान. सांस्कृतिक कार्यक्रम करतात आणि बाहेरच्यांना बोलावतात.

एल्बेकाठी
माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. मी 'मिसळणं' आणि 'वेगळं राहणं' अशी दोनच टोकं धरून विचारलं होतं. पण तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यातून दिसतंय की लॉजच्या सभासदांना तशी निवड करायचीच नव्हती. लेसिंगच्या नावाने लॉज काढणारा माणूस जर्मन व्हायचं सोडत नाहीये. त्याला फक्त आठवड्यातली एक संध्याकाळ अशी हवी होती जिथे आपण जर्मन आहोत हे कुणाला सिद्ध करून दाखवावं लागणार नाही. मी परदेशात राहते म्हणून असेल, हे मला फार जवळून कळतं.

मुळा_मुठा
पटलं. गरिबांना बाहेर ठेवल्याचा आक्षेप मात्र मी कायम ठेवतो.

दुर्वा_माइनकाठची
ठेवाच.

शनवारतेली
पुढच्या वर्षी मुलीकडे फ्रँकफर्टला यायचं आहे. काय काय बघू?

दुर्वा_माइनकाठची
जरूर या. जुन्या ज्यू गल्लीचं संग्रहालय आहे, त्याच्या मागे जुन्या दफनभूमीची भिंत. त्या भिंतीवर फ्रँकफर्टमधून नेलेल्या अकरा हजारांवर लोकांची नावं छोट्या धातूच्या ठोकळ्यांवर कोरली आहेत, प्रत्येक ठोकळा भिंतीतून थोडा पुढे येतो, त्यावर लोक खडा ठेवतात. नॉय-इझेनबुर्गला पापेनहाइम बाईंच्या आश्रमाच्या जागी स्मारक आहे, ते पण दाखवते. सप्टेंबरच्या सुरुवातीला आलात तर युरोपभर ज्यू संस्कृतीचा दिवस असतो, बऱ्याच ठिकाणी सिनेगॉग बाहेरच्यांना उघडतात. पासपोर्ट जवळ ठेवा, मोठी पिशवी नेऊ नका, आणि बरोबर पुरुष मंडळी असतील तर त्यांना डोक्यावर टोपी लागेल. तारखा ठरल्या की इथेच सांगा, मी येते सोबत.

शनवारतेली
नक्की. मलिद्याचे पोहे मी ठाण्याहून आणते.